टू-टू रायफल: ५० मीटर पुरे की १०० हवेत?

पालथा_नेमबाज (मूळ धागा)
परवा रेंजवर एक नवा मुलगा टू-टू (.२२ बोअरची छोटी रायफल) घेऊन थेट १०० मीटरच्या टार्गेटसमोर पालथा पडला. दहा गोळ्या झाल्या, ग्रुप, म्हणजे एकाजागी पडलेल्या गोळ्यांचा झुबका, म्हणावा असं काही नव्हतंच. मग स्कोपचे क्लिक, म्हणजे नेम सरकवायच्या बटणाचे टप्पे, सुरू. दोन वर, तीन डावीकडे, परत एक खाली. पन्नास काडतुसांचा डबा संपला, पण चूक रायफलची, वाऱ्याची की त्याची, हे ना त्याला कळलं ना बघणाऱ्या आम्हाला.

माझं मत सरळ आहे. पहिलं वर्ष ५० मीटरच्या पुढे जाऊच नये. ऑलिम्पिकच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते याच अंतरावर. ज्याला ५० चा कंटाळा आलाय त्याने आधी सलग दहा 'दहा' मारून दाखवावेत.

वारा_वाचक
साफ असहमत. ५० मीटर माणसाला लाडावून ठेवतं. अंतर दुप्पट झालं की वाऱ्याने होणारी ढळ जवळपास चौपट होते. जी झुळूक ५० ला गोळी सेंटिमीटरभर सरकवते ती "ट्रिगर जरा ओढला गेला" म्हणून खपून जाते. १०० ला तीच चार सेंटिमीटर होते, मग खपत नाही.

मी वारा शिकलो तो १०० वरच. जवळची झेंडी डावीकडे फडफडत होती, टार्गेटपाशी लावलेली उजवीकडे, आणि मधली लोंबत पडलेली. तेव्हा कळलं की वारा एक नसतो. ५० वर चार वर्षं काढून हे दिसलं नव्हतं.

पालथा_नेमबाज
वारा मान्य. पण उभ्या रेषेत पसरणाऱ्या गोळ्यांचं काय? त्यात बऱ्याचदा काडतुसाचा दोष असतो. ३२० मीटर प्रति सेकंदाच्या आसपासची गोळी धरा. दोन काडतुसांच्या वेगात १० मीटरचा फरक असला तर ५० ला जेमतेम ८ मिमी खालीवर होतं, १०० ला तीन सेंटिमीटर. हे स्वतः काडतूस भरून सुधारावं म्हटलं तर टू-टूच्या रिमफायर काडतुसात तीही सोय नाही, ठिणगी पाडणारं स्फोटक द्रव्य कडेच्या घडीत बसवलेलं असतं. कारखान्याचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनवलेल्या काडतुसांच्या खेपा) आणून बघायचे, बस. नवशिक्या मात्र तो दोष स्वतःच्या माथी मारून घेतो आणि चांगली पोझिशन बदलत बसतो.

कोपर_सोललेला
तुम्ही दोघं भांडा, मी २५ चा माणूस. २५ ला वारा नाही, काडतुसाचं निमित्त नाही. तिथेही गोळ्या विखुरल्या तर दोष शक्यतो आपलाच. माझा रायफलला आधार देणारा पट्टा दंडावर सैल बसत होता, नाडीच्या ठोक्याबरोबर नेम हलायचा. सापडलं २५ ला. फक्त तिथे ५० चं टार्गेट लावू नका, निम्म्या आकाराचं लावा, नाहीतर उगाच छाती फुगते.

वारा_वाचक
सैल पट्टा १०० ला दिसला नसता का?

कोपर_सोललेला
दिसला असता. आणखी चार दोषांच्या गर्दीत.

बांध_बघा_आधी
अंतर ठरवताना कुणीच मागे काय आहे ते बोललं नाही. टू-टू छोटी म्हणून लोक हलक्यात घेतात. वर सुटलेली गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते. १०० ला लांबून येणारी गोळी खाली झुकलेली असते, मध्ये कडक जमीन किंवा दगड असला तर घसरून उडते. टार्गेटमागे गोळी अडवणारा मातीचा भक्कम बांध जिथे आहे तेच तुमचं अंतर. बाकी वाद चहासोबत.

वारा_वाचक
बांधाबद्दल शंभर टक्के. पण एक राहिलं. ५० ला झिरो केलेली, म्हणजे तिथे नेमावरच गोळी लागेल असा स्कोप जुळवलेली रायफल १०० ला तशीच रोखली तर गोळी वीतभर खाली लागते. २०० ला पुरुषभर. ही उतरण स्वतः मारून वहीत उतरवल्याशिवाय अंगात भिनत नाही. तुमच्या त्या मुलाला हे कुणी आधी सांगितलं होतं का? की नुसते क्लिक मोजत बसलात?

पालथा_नेमबाज
नव्हतं सांगितलं. तो मुद्दा माझ्यावर. पण एकदम १०० ला मी त्याला नेणार नाही. रविवारी बांधासमोर ७५ ला टार्गेट लावतो, वही त्याच्या हातात आणि स्कोपच्या क्लिकवरच्या टोप्या घट्ट लावलेल्या. वीस गोळ्या होईपर्यंत क्लिक बंद. काय होतं ते इथेच टाकतो.