‘ग्रेन्स’ : या प्रेमकथेला गुन्ह्याच्या तपासाची जोड हवी होती का?

प्रश्न
अली अब्बासी यांनी दिग्दर्शित केलेला ‘ग्रेन्स’, म्हणजे ‘सीमा’, हा २०१८ सालचा स्वीडिश चित्रपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. (पुढे कथानकाचा उलगडा आहे, ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा.) बंदरावर सीमाशुल्क विभागात काम करणारी टीना प्रवाशांची भीती, लाज आणि अपराधीपणा वासावरून ओळखते. तिच्यासारखाच दिसणारा वोरे एके दिवशी तिथे येतो आणि जन्मभर स्वतःला कुरूप मानत आलेल्या टीनाला प्रथमच कुणीतरी आपले भेटते. इथपर्यंतची प्रेमकथा मला फार भावली. मात्र तिच्या जोडीने चालणारा, बालकांवरील अत्याचाराच्या चित्रफितींचा पोलीस तपास मला दोन्ही वेळा उपरा वाटला. ज्या कथेवर चित्रपट बेतला आहे, त्या जॉन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या कथेत हा तपास नाही; तो पटकथेत घातलेला आहे. तो कशासाठी घातला असावा?

प्रतिसाद १
माझ्या मते तो तपास काढून टाकला तर प्रेमकथाच लुळी पडेल. सुरुवातीचा प्रसंग आठवून पाहा : एका सुटाबुटातल्या प्रवाशापाशी टीना थबकते, तिचा वरचा ओठ किंचित उचलला जातो, नाकपुड्या थरथरतात आणि त्याच्या मोबाइलमध्ये दडवलेले मेमरी कार्ड सापडते. तिचे नाक चुकत नाही, हे आपल्या मनावर पक्के ठसते. वोरेच्या बाबतीतही तिला पहिल्याच भेटीत काहीतरी खटकलेले असते. पण सामानात निघते ते केवळ किडे वाढवण्याचे साधन, आणि पुढे ती प्रेमात पडते. ज्या गुन्ह्याचा ती माग काढत असते त्यात वोरेचाच हात आहे हे उघड होते, तेव्हा तिला आपल्या जातकुळीचा एकमेव सोबती आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांतून एकाची निवड करावी लागते. तपास नसता तर ‘एकाकी जिवाला सोबती मिळाला’ एवढ्यावरच कथा थांबली असती, आणि तशा कथा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

प्रतिसाद २
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी पोलिसांच्या घरझडतीचे आणि पाळतीचे प्रसंग सपाट आहेत, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते. जंगलातल्या तळ्याकाठी टीना आणि वोरे पावसात धावतात त्या प्रसंगातली ऊब त्यांत कुठेच नाही. परंतु गुन्ह्याचे मूळ लोककथेत आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. ट्रोल (लोककथांतले जंगलात राहणारे माणसासारखे जीव; टीना आणि वोरे त्यांच्यापैकीच आहेत) माणसांची तान्ही मुले पळवतात आणि पाळण्यात आपले मूल ठेवतात, अशी स्वीडनमध्ये जुनी समजूत होती. अशा बदललेल्या मुलाला तिथे ‘बुर्टबीटिंग’ म्हणतात. वोरे नेमके तेच करतो आणि पळवलेली बाळे त्या चित्रफिती बनवणाऱ्यांना पुरवतो, फक्त त्यामागे माणसांनी त्याच्या जमातीवर केलेल्या अत्याचारांचा सूड आहे. शेजारच्या जोडप्याचे बाळ बदलले जाते, आणि त्याच जोडप्याला प्रसूतीच्या वेळी टीनाने रात्री गाडीतून रुग्णालयात नेलेले असते, वाटेत हरणे रस्ता ओलांडणार हे आधीच जाणून गाडी थांबवलेली असते. अंगावर शहारे येतात ते यामुळे.

शिवाय टीनाची भूमिका करणाऱ्या एवा मेलँडर यांच्या अभिनयाचा उल्लेख राहून गेला. चेहऱ्यावर सिलिकॉनचे जाड आवरण असूनही त्यांच्या डोळ्यांतला संकोच लपत नाही. या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘अं सर्तँ रगार’ विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि रंगभूषेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे मनापासून आभार. हरणांचा प्रसंग मी शेजाऱ्यांच्या बाळाशी जोडून कधी पाहिलाच नव्हता. आता शेवटही निराळा दिसतो : दाराशी आलेल्या खोक्यातले ट्रोल बाळ रडत असते, टीना त्याला एक किडा भरवते आणि ते शांत होते. वोरेचा सूड नाकारूनही तिने त्याची जमात नाकारलेली नाही, हे गुन्ह्याच्या धाग्याशिवाय मला कळले नसते. पोलीस ठाण्यातले प्रसंग मात्र अजूनही लांबलेलेच वाटतात.