दीड लाख फोटो एकत्र लावायचे आहेत: नावं आणि तारखा कुठे लिहाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी आणून नीट लावायचं काम मी हातात घेतलंय. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्क, पिशवीभर पेनड्राइव्ह, चार-पाच जणांचे फोन, एका क्लाउड खात्यातून उतरवलेल्या झिप फाइली आणि अल्बममधल्या छापील फोटोंचे स्कॅन, असं सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास फाइली होतात. बॅकअपची चिंता नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम पाळतेय. मूळ फाइली जशाच्या तशा एका डिस्कवर ठेवून ती बाजूला काढलीय. तेव्हा तो सल्ला सोडून पुढचं सांगावं ही विनंती.

अडचण तारखांची आहे, आणि त्याहून जास्त नावांची.

आधी तारखा. कॅमेऱ्याने एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलीतच साठवलेली माहिती) लिहिलेली फोटो काढल्याची वेळ मी प्रमाण धरतेय. फाइलची 'मॉडिफाइड' तारीख थोडं एडिट केलं तरी बदलते, तिच्यावर भरवसा नाही. चॅटवरून आलेल्या फोटोंतलं एक्झिफ गळून गेलंय. फाइलच्या नावात तारीख दिसते, पण ती फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. क्लाउडवरून उतरवलेल्या फोटोंबरोबर एकेक जेसन फाइल (माहितीची साधी मजकूर फाइल) आलीय आणि हाताने दुरुस्त केलेल्या तारखा तिच्यातच आहेत, फोटोच्या आत नाहीत. त्या एक्झिफटूल या कमांड लाइनच्या प्रोग्रामने फोटोत उतरवता आल्या, तो प्रश्न मिटला.

व्हिडिओंचं मात्र जमत नाहीये. एमपी४ आणि मोव्ह फाइलींत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) लिहावी असा नियम आहे, पण काही कॅमेरे सरळ स्थानिक वेळ लिहितात. त्यामुळे एकाच संध्याकाळचे फोटो आणि व्हिडिओ क्रमाने लावले की काही व्हिडिओ दुपारी जाऊन बसतात. कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे गट पाडून तेवढे तास सरकवायचे, यापेक्षा बरा मार्ग आहे का?

स्कॅनमध्ये तर स्कॅन केल्याचीच तारीख असते. फोटो कधीचा हे विचारलं की उत्तर येतं, "१९७०च्या आसपास". एक्झिफमध्ये 'अंदाजे' म्हणायची सोयच नाही. एक्सएमपीत (फोटोची माहिती लिहायची नवी पद्धत) नुसतं साल लिहिता येतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते समजून घेईलच असं नाही. सध्या त्या सालाची १ जानेवारी टाकून वर्णनात 'साल अंदाजे' असं लिहितेय. तुम्ही काय करता? फोटोच्या मागे पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करून त्याच नावापुढे 'मागील' असं जोडतेय. ज्यांचं स्कॅनिंग अजून व्हायचंय त्यांनी हे जरूर करावं, कित्येकदा साल तिथेच सापडतं.

आता नकला. बाइट न् बाइट सारख्या फाइली हॅश (फाइलीच्या बाइट्सवरून निघणारा ठसा) काढून वेगळ्या झाल्या. खरा घोळ 'दिसायला सारख्या' फोटोंचा आहे. एक उदाहरण देते. एकाच फोटोच्या दोन फाइली आहेत. पहिली चार एमबीची, पूर्ण आकाराची, एक्झिफ शाबूत, नाव नुसतं डीएससी आणि चार आकडे. दुसरी दोनशे केबीची, चॅटवरून आलेली, तारीख नाही, पण कुणीतरी तिचं नाव बदलून 'मामा-मामी नवीन घराच्या गच्चीवर' असं ठेवलंय. सॉफ्टवेअर म्हणतं मोठी ठेवा, छोटी उडवा. तसं केलं तर फोटो राहील आणि गच्ची कुणाची, उभं कोण, हे जाईल. अशा हजारो जोड्या असतील. छोट्या फाइलीचं नाव मोठीच्या वर्णनात उतरवून मगच छोटी काढायची, असं सरसकट करणारी स्क्रिप्ट कुणी वापरलीय का? शिवाय मेटाडेटा (तारीख, वर्णन अशी फाइलीतली माहिती) लिहिल्याने जेपेगच्या चित्राला धक्का लागत नसला तरी फाइलचा हॅश बदलतो. म्हणून तंतोतंत नकला आधी काढायच्या आणि लिखाण नंतर, असा क्रम धरलाय. तो बरोबर आहे ना?

आणि नावं. माझ्या आत्याला जुन्या फोटोंतले जवळजवळ सगळे चेहरे ओळखता येतात. दूरच्या नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले, ज्यांना आमच्या पिढीतलं कुणीच ओळखत नाही, तेही. हे काम तिच्या शेजारी बसून आत्ताच करायला हवं, आणि ते पुन्हा करायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. डिजिकॅम या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांना चौकटी करून नावं देतेय. ती नुसती त्याच्या डेटाबेसमध्ये न ठेवता फाइलींतही लिहिली जावीत असं सेटिंग केलंय.

पण ही नावं कीवर्ड म्हणूनही लिहिली जातात, आणि जुन्या आयपीटीसी रचनेत (फोटोची माहिती लिहायची आधीची पद्धत) एका कीवर्डला ६४ बाइट्सच मिळतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'थोरल्या काकूंच्या शाळेतल्या मैत्रिणी' मधेच तुटतं. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, म्हणून फक्त एक्सएमपीतच लिहावं असं वाटतंय. दुसरी शंका अशी की चेहऱ्याची चौकट चित्राच्या प्रमाणात नोंदलेली असते. उद्या कुणी फोटो कापला आणि नोंद तशीच राहिली तर चौकट भलत्याच माणसावर जाईल. त्यामुळे मी वर्णनातही साध्या शब्दांत लिहितेय: 'मागची रांग, डावीकडून: ...'. वेळ दुप्पट लागतो, पण हे कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय वाचता येईल. की हे अनाठायी आहे?

रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) शेजारी वेगळी एक्सएमपी फाइल ठेवणार आहे. फोनच्या एचईआयसी (काही फोन जेपेगऐवजी वापरतात तो प्रकार) फोटोंबाबत मात्र ठरत नाहीये, आत लिहावं की शेजारी?

ज्यांनी सगळा संग्रह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेलाय त्यांनी चौकटी आणि देवनागरी नावं शाबूत पोचली का, कुठे अडलं, हे सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून. लिनक्स आणि विंडोज दोन्ही वापरते, कमांड लाइनची सवय आहे. फोल्डर वर्षाप्रमाणे, फाइलचं नाव तारीख आणि वेळेने सुरू होणारं, कारण कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून येतात. प्रसंगाप्रमाणे फोल्डर करणार नाही, त्यासाठी टॅग आहेत.