सॉसेजचं लोणचं, बरणी फ्रीजमध्येच ठेवा
व्हिनेगर आहे म्हणजे बरणी बाहेर ठेवली तरी टिकेल ना, असं विचारलंय, तर प्लीज नका ठेवू. कैरी लिंबू मुळातच आंबट असतात, मांस तसं नसतं, व्हिनेगर आतपर्यंत मुरायला बरेच दिवस लागतात आणि तोवर मधला भाग आंबट झालेलाच नसतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असेल आणि हवा नसेल तर बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात, वास किंवा चव बदलेलच असं नाही, म्हणून हे मी फार मनापासून सांगतेय.

सॉसेज पूर्ण शिजलेलंच घ्या, कच्चं अजिबात नको. जाडं असेल तर बोटभर तुकडे करा, लवकर मुरतं. व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचं, पाणी घालायचंच तर व्हिनेगरपेक्षा कमीच, त्यात मीठ, थोडी साखर, लसूण, मिरी, मोहरी, सुक्या मिरच्या घालून स्टीलच्या पातेल्यात उकळा (अॅल्युमिनियम नको, आम्लाने खराब होतं) आणि गरम असतानाच उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत सॉसेजवर ओता, तुकडे पूर्ण बुडले पाहिजेत. मग लगेच फ्रीज. चव मला तरी आठवडाभराने खरी लागते, त्याआधी नुसतंच आंबट.