लाटेकमध्ये मर्ज केलेल्या सेलांचा मोठा तक्ता : सल्ला हवा आहे

धागाकर्ती, सांगली

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील पीकपद्धतीवर मराठीतून प्रबंध लिहीत आहे. सर्व लेखन लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत) असून देवनागरीसाठी तिचे झीलाटेक हे रूप वापरते. मजकुराची काहीच तक्रार नाही. अडचण एकाच तक्त्याची आहे, पण चौथे प्रकरण संपूर्ण त्याच तक्त्यावर उभे आहे.

पहिल्या रकान्यात तालुका, दुसऱ्यात पीक आणि पुढे खरीप व रब्बी अशा दोन हंगामांखाली क्षेत्र, उत्पादन, उत्पादकता असे प्रत्येकी तीन रकाने, म्हणजे एकूण आठ रकाने आहेत. जिल्ह्याचे तालुके दहा आणि प्रत्येक तालुक्यात ज्वारी, मका, कडधान्ये, तेलबिया व इतर असे पाच गट असल्यामुळे ओळी पन्नास होतात. तालुक्याचे नाव पाच ओळींत मिळून एकदाच, मधोमध यावे म्हणून मल्टिरो (ओळी एकत्र करणारी आज्ञा) वापरले आहे, हंगामांच्या शीर्षकांसाठी मल्टिकॉलम (रकाने एकत्र करणारी आज्ञा) वापरले आहे आणि तक्ता अनेक पानांवर जात असल्याने लाँगटेबल हे पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार आज्ञांचा संच) घेतले आहे.

आता जे घडते ते सांगते. शीर्षकाच्या दुसऱ्या ओळीतला ‘क्षेत्र’ हा शब्द खरिपाखाली न येता थेट ‘तालुका’ या रकान्यात जाऊन बसतो. दोन्ही हंगामांतील उत्पादकतेचा रकाना विनाकारण फुगतो आणि शेजारचे दोन अंग चोरून उभे राहतात. पहिल्या पानाच्या शेवटी तर ‘जत’ हे नाव तक्ता सोडून खाली पृष्ठक्रमांकाच्या बोकांडी बसले आहे. त्यातच मार्गदर्शक सरांना उभ्या रेघा हव्या आहेत. प्रबंध पुढच्या महिन्यात सादर करायचा आहे. कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद : साताऱ्याहून, निवृत्त गणित प्राध्यापक

ताई, आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकेक घेऊ.

‘क्षेत्र’ डावीकडे सरकण्याचे कारण साधे आहे. मल्टिकॉलम खरोखरच रकाने गिळतो, म्हणून तीन रकाने एकत्र केले की त्या ओळीतली दोन अँड-चिन्हे (&, म्हणजे दोन रकान्यांमधली खूण) कमी होतात. मल्टिरो मात्र काहीच गिळत नाही. तो फक्त मजकूर खालच्या ओळींवर लोंबता ठेवतो आणि त्या ओळींतील जागा आपण स्वतः रिकामी सोडायची असते. आपल्या शीर्षकाच्या पहिल्या ओळीत ३ अँड-चिन्हे पुरतील, पण दुसरी ओळ अशी हवी :

& & क्षेत्र & उत्पादन & उत्पादकता & क्षेत्र & उत्पादन & उत्पादकता

सुरुवातीची ती दोन चिन्हे आपण गाळली असणार. चिन्ह जास्त झाले तर लाटेक आरडाओरडा करते, कमी पडले तर मुकाट्याने ओळ अपुरी सोडते, आणि म्हणूनच ही चूक तासन्‌तास सापडत नाही.

रकाना फुगण्यामागे टेकचा (लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीचा) एक जुना नियम आहे. एकत्र केलेल्या सेलमधील मजकूर खालच्या रकान्यांच्या बेरजेपेक्षा रुंद असेल, तर उरलेली सगळी रुंदी त्यांपैकी शेवटच्या रकान्याच्या गळ्यात पडते, तिघांत वाटली जात नाही. आपले शीर्षक नुसते ‘खरीप’ नसून त्यापुढे वर्षे किंवा ‘तीन वर्षांची सरासरी’ असे काही लिहिलेले असावे, असा माझा अंदाज आहे. ते तक्त्याच्या मथळ्यात हलवावे. तसे करायचे नसेल तर मेकसेल या पॅकेजने त्याच्या दोन ओळी कराव्यात.

‘जत’विषयी मात्र माझे मत जरा वेगळे आहे. मल्टिरोचा मजकूर पहिल्या ओळीतच छापला जातो आणि तिथून खाली उतरवला जातो. मध्ये पान तुटले आहे हे त्याला कळतच नाही. त्यामुळे लाँगटेबलमध्ये अशा पाच ओळी एकत्र ठेवायच्या असतील, तर पहिल्या चार ओळींच्या शेवटी नेहमीच्या दोन बॅकस्लॅशपुढे तारांकन द्यावे लागते, म्हणजे तिथे पान तुटत नाही. हा उपाय चालतो. पण मी आपल्या जागी असतो तर तालुक्याचा रकानाच काढून टाकला असता.

का, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यात ‘कवठेमहांकाळ’ नावाचा तालुका आहे आणि त्या एका नावामुळे पहिला रकाना पन्नास ओळी रुंद राहतो, मग बाकीच्या ओळींत ‘जत’ आणि ‘पलूस’ का असेनात. त्याऐवजी तालुक्याचे नाव संपूर्ण रुंदीच्या एका उपशीर्षकाच्या ओळीत, डावीकडे, ठळक अक्षरात द्यावे आणि खाली पाच पिके यावीत. हा मल्टिकॉलमचाच उपयोग आहे, पण आडवा, आणि आडव्या मर्जला पान तुटण्याची भीती नसते. दहा ओळी वाढतात, तेवढे सोसावे. उपशीर्षकाच्या ओळीनंतर मात्र तारांकन द्यायला विसरू नये, नाहीतर ‘शिराळा’ पानाच्या तळाशी आणि त्याची ज्वारी पुढच्या पानावर अशी ताटातूट होते.

रुंदीचा हिशेबही करून पाहावा. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. बांधणीसाठी डावीकडे ४० आणि उजवीकडे २५ सोडले, तर १४५ उरतात. लाटेक प्रत्येक रकान्याच्या दोन्ही अंगांना मुळातच ६ पॉइंट जागा सोडते. आठ रकान्यांचे ९६ पॉइंट म्हणजे जवळजवळ ३४ मिलिमीटर नुसत्या पोकळीत जातात. रकाने सात केले आणि टॅबकोलसेप (हीच बाजूची जागा) ४ पॉइंटांवर आणला, तर ती पोकळी २० मिलिमीटरांच्या आत येते.

धागाकर्ती

सर, अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. शीर्षकात ‘खरीप हंगाम, तीन वर्षांची सरासरी’ असेच होते. मथळ्यात हलवताच रकाने सरळ झाले. उपशीर्षकांची कल्पना मला पटली आहे. उभ्या रेघांचे काय करावे? बुकटॅब्स (आडव्या रेघांचे पॅकेज) वापरल्यावर त्या जागोजागी तुटतात.

प्रतिसाद : मिरजेहून

बुकटॅब्स आणि उभ्या रेघा यांचे जमत नाही, कारण ते पॅकेज आडव्या रेघेच्या वर-खाली मुद्दाम मोकळी जागा सोडते आणि उभी रेघ त्या जागेत पोहोचत नाही. रेघा हव्याच असतील तर बुकटॅब्सच्या रेघा सोडून साध्या एचलाइन (पूर्ण रुंदीची आडवी रेघ) आणि सीलाइन (ठरावीक रकान्यांपुरती आडवी रेघ) वापराव्यात. एक गोष्ट लक्षात ठेवावी : मल्टिकॉलम त्या सेलपुरती मूळ रकान्यांची व्याख्या पुसून टाकतो, म्हणून त्याच्या स्वतःच्या व्याख्येत उभी रेघ पुन्हा लिहावी लागते. नाहीतर ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ यांच्यामधली रेघ नेमकी शीर्षकातच गायब होते.

माझी सूचना मात्र टॅब्युलररे या पॅकेजची आहे. ते २०२१ साली आले. त्यात उभ्या रेघा तुटत नाहीत, मर्ज करण्यासाठी सेटसेल ही एकच आज्ञा आडवी-उभी दोन्ही कामे करते, आणि जादा रुंदी सर्व रकान्यांत सारखी वाटायची असेल तर एचस्पॅन या पर्यायाला ‘इव्हन’ म्हटले की झाले. अनेक पानांचा तक्ता असेल तर त्याचे लाँगटीबीएलआर घ्यावे आणि रोहेड २ द्यावे, म्हणजे शीर्षकाच्या दोन्ही ओळी प्रत्येक पानावर येतात.

प्रतिसाद : साताऱ्याहून, निवृत्त गणित प्राध्यापक

टॅब्युलररे उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण ते मोठ्या तक्त्याला वेळ फार घेते आणि महिनाभरावर सादरीकरण आलेल्या व्यक्तीने चालू प्रबंधात नवी वाक्यरचना शिकत बसू नये, असे मला वाटते. पुढच्या कामासाठी जरूर शिकावे.

रेघांबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या लिपीतला प्रत्येक शब्द स्वतःची शिरोरेघ घेऊन येतो. त्यावर प्रत्येक ओळीखाली आडवी रेघ आणि प्रत्येक रकान्याला उभी रेघ दिली, तर तक्ता वाचण्याऐवजी जाळीतून पाहिल्यासारखे होते. सरांना विनंती करून उभी रेघ फक्त दोन हंगामांच्या मध्ये एकच ठेवावी. आडव्या रेघा शीर्षकाच्या वर, खाली आणि तक्त्याच्या शेवटी पुरतात.

शिवाय ‘वर्षांची’, ‘पिकांची’ यांसारख्या शब्दांतील वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरच्या रेघेला टेकतात. ॲरेस्ट्रेच (ओळींची उंची ठरवणारी आज्ञा) वाढवले की जागा वर-खाली दोन्हीकडे वाढते आणि पाने वाढतात. त्यापेक्षा ॲरे पॅकेजमधील एक्स्ट्रारोहाइट २-३ पॉइंट द्यावे. ते फक्त वरची जागा वाढवते आणि आपल्याला वरचीच हवी असते. फाँट लावताना स्क्रिप्ट देवनागरी असे लिहिले आहे ना, तेही पाहून घ्यावे. ते राहिले की जोडाक्षरे फुटतात. काही देवनागरी फाँटांत अंकांची रुंदी सारखी नसल्याने आकडे एकाखाली एक नीट बसत नाहीत. मी आयआयटी मुंबईचा शोभिका वापरतो, आपणही एकदा अंकांचा रकाना छापून पाहावा.

प्रतिसाद : सांगली, खणभागात छपाई-बांधणीचे काम

लाटेक मला येत नाही, पण प्रबंध बांधायला रोज येतात, म्हणून दोन शब्द. तक्ता आडवा करून छापणार असाल तर त्याचा माथा बांधणीच्या बाजूला यावा आणि बांधणीची जादा जागा त्या पानावर तक्त्याच्या वरच्या बाजूला सोडावी. बरेच विद्यार्थी आडव्या पानावरही डावीकडेच जागा सोडतात आणि मग शीर्षकाची ओळ शिवणीत जाते. एकाच पानावर बसवायचा म्हणून फिरवलेला तक्ता पानाबाहेर गेलेला मी पाहिला आहे, तेव्हा पन्नास ओळी एका पानावर दामटू नयेत.

आणखी एक. आकडे एक्सेलमध्ये असतील तर तिथे सेल मर्ज करू नका. प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव पुन्हा लिहा. मर्ज केलेली यादी क्रमवार लावता येत नाही, आणि शेवटच्या दिवशी सर म्हणतातच, “तालुके पावसाच्या क्रमाने लावा.”

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल रात्री तक्ता नव्याने बांधला. तालुक्याचा रकाना गेला, मल्टिरो आता फक्त शीर्षकातल्या ‘पीक’ या एका शब्दापुरता उरला आहे, आणि तक्ता उभ्या पानांतच बसल्याने आडवे पान करावे लागले नाही. साठ ओळी अडीच पानांत येतात. शिराळ्याच्या उपशीर्षकाला तारांकन द्यायचे राहिले होते आणि तो नेमका दुसऱ्या पानाच्या तळाशी एकटा सापडला, म्हणून मग दहाही तालुक्यांना देऊन टाकले.

मार्गदर्शक सरांना दोन छपाया दाखवल्या, एक सगळ्या उभ्या रेघांची आणि एक मधल्या एकाच रेघेची. त्यांनी काही न बोलता दुसरीवर सही केली. मात्र तालुके आता खरोखरच पावसाच्या क्रमाने लावायला सांगितले आहे. एक्सेलमध्ये मर्ज काढून ठेवले होते, त्यामुळे ते काम चहा होईपर्यंत झाले.