कल्चर रिपोर्टमध्ये औषधांपुढे ‘आर’ येतो, तो नेमका कशामुळे?

प्रश्न:
माझ्या सासूबाईंना, वय ६८, सहा महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला आहे. या वेळी डॉक्टरांनी आधी कल्चर (लघवीतील जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची तपासणी) करून घेतले. त्यात ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असे आले असून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम यांच्यापुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू दाद देत नाही), तर नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे दाद देतो) आहे. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी गोळ्यांचा कोर्स एकही दिवस न चुकवता पूर्ण केला होता, मग शरीराला औषधाची सवय झाली कशी? आणि नव्या औषधांनी जिथे हात टेकले, तिथे १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटॉइन कसे लागू पडेल?

उत्तर १:
सवय शरीराला होत नाही. दाद द्यायचे थांबवतात ते जिवाणू. ई. कोलायचे मूळ ठिकाण आतडे, आणि मूत्रमार्गात तो बहुधा तिथूनच शिरतो. त्यामुळे अँटिबायोटिक कोणत्याही आजारासाठी घेतले, तरी आतड्यातील दाद देणारे जिवाणू मरतात आणि उरलेल्यांना रान मोकळे मिळते. कोर्स पूर्ण केल्याने हे टळत नाही. ईएसबीएल ही जिवाणूंनी तयार केलेली एन्झाइमे सेफिक्झिमसारख्या औषधांच्या रेणूतील बीटा-लॅक्टम हे अणूंचे कडेच फोडून टाकतात. त्यांची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, जे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याच कड्यावर इतर औषधांना चुकवणारी जनुकेही अनेकदा असतात. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोष्ट निराळी आहे. ते जिवाणूच्या ज्या गायरेज एन्झाइमला चिकटते, त्यातील ८३ व्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदलले, तरी पकड ढिली पडते.

उत्तर २:
मी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. औषधाची चकती ठेवलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी जिवाणूंची दाट साय दिसते; चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ राहते त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ‘एस’ किंवा ‘आर’ ठरते. ‘आर’ असेल तर साय अनेकदा थेट चकतीच्या कडेला भिडलेली असते.

नायट्रोफ्युरँटॉइन जिवाणूच्या आत गेल्यावर अतिक्रियाशील रूपे धारण करून एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून एखाद्या बदलाने जिवाणूला सहसा निसटता येत नाही. शिवाय ते रक्तात फारसे साठत नाही, लघवीत मात्र भरपूर उतरते. हीच त्याची मर्यादाही आहे: थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि तिथे हे औषध पुरत नाही. या वयात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारी रक्ततपासणी) पाहिले आहे ना, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा. (नमुना देण्याआधी घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊन येणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात, मग प्लेटवर काही उगवत नाही आणि सगळी मेहनत फुकट जाते.)

प्रश्नकर्ता:
क्रिएटिनिन ठीक आहे, आणि तिसऱ्या दिवशी जळजळ पूर्ण थांबली. खात्रीसाठी कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करावे का?

उत्तर २:
त्रास नसेल तर साधारणपणे करू नये. उतारवयातील अनेक स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जिवाणू सापडतात, आणि गर्भारपण किंवा मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रियांपूर्वीचा काळ सोडला, तर त्यांवर उपचार करत नाहीत. केवळ कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’ पाहून पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, तर वर सांगितलेले आतड्यातले चक्र नव्याने फिरू लागेल. जळजळ परतली, तर मात्र पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या.