न्यू जर्सीचे बीटी त्या दिवशी आजारी नसते तर?

रानवारा

अमेरिकेच्या इतिहासातलं ‘जर-तर’ म्हटलं की गाडी थेट गेटिसबर्गला, गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धातल्या मोठ्या लढाईला, जाऊन थांबते. माझ्या मते खरं वळण त्याच्या ऐंशी वर्षं आधी येऊन गेलं. तिथे ना तोफा होत्या ना घोडदळ. एक माणूस अंथरुणाला खिळला होता, एवढंच.

१९ एप्रिल १७८४. राज्यघटना अजून तीन वर्षं लांब आहे. काँग्रेस मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला भरली आहे. पश्चिमेच्या नव्या मुलखाचा कारभार कसा चालवायचा, याचा जेफरसनने केलेला मसुदा पुढे आहे. त्यात एक कलम: १८०० सालानंतर त्या मुलखात गुलामगिरी नाही. नुसत्या ओहायो नदीच्या उत्तरेला नव्हे, सगळ्या पश्चिमेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या स्पेटने कलम गाळण्याची सूचना आणली. कलम टिकायला सात राज्यं हवी होती, बाजूने पडली सहा. विरोधात मेरीलँड, साउथ कॅरोलायना आणि खुद्द जेफरसनचं व्हर्जिनिया. त्याच्याच दोन सहकाऱ्यांनी त्याला पाडलं. नॉर्थ कॅरोलायनाचे दोघे दोन बाजूंना. राज्याचं मत धरायला किमान दोन प्रतिनिधी हजर लागत, आणि न्यू जर्सीचा एकच हजर होता. दुसरे जॉन बीटी, आजारी.

दोन वर्षांनी जेफरसनने लिहिलं की अजून जन्माला न आलेल्या लक्षावधी माणसांचं नशीब एका माणसाच्या जिभेवर लटकलं होतं, आणि त्या क्षणी स्वर्ग गप्प बसला.

आता समजा, बीटी शाल पांघरून, कण्हत का होईना, येऊन बसले. कलम पास. १७९३ मध्ये व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र येतं, पण अलाबामा-मिसिसिपीची काळी जमीन गुलाममालकांना बंद. व्हर्जिनियाच्या जमीनदारांना माणसं विकायला गिऱ्हाईकच नाही. प्रत्यक्षात १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी दक्षिण-पश्चिमेकडे हाकली गेली, आणि गुलामांची संख्या सात लाखांवरून चाळीस लाखांच्या घरात पोचली. माझ्या कल्पनेतल्या देशात गुलामगिरी किनाऱ्याच्या पाच-सहा राज्यांत, तंबाखूने दमलेल्या जमिनीवर कोंडून राहते आणि विझते. यादवी युद्ध होत नाही.

मारा आता दगड.

तिरकस तात्या

आत्याबाईला मिशा असत्या तर आपण सगळे तिला काका म्हणालो असतो.

अहो, कायदा होता की! १७८७ च्या वायव्य मुलखाच्या कायद्यात ओहायोच्या उत्तरेला गुलामगिरीबंदी आलीच. मग इंडियानात काय झालं? गव्हर्नर हॅरिसन आणि मंडळींनी काँग्रेसकडे अर्ज केले, हे कलम काही वर्षं बाजूला ठेवा म्हणून. मालकांनी गुलामांकडून माणसाच्या आयुष्याहून लांब मुदतीच्या करारांवर अंगठे घेतले. इलिनॉयमध्ये शॉनीटाउनजवळच्या मिठाच्या भट्ट्यांवर भाड्याने आणलेले गुलाम राबत होते, तेही राज्याच्या घटनेत सवलत लिहून. जिथे कापूस पिकत नव्हता तिथे ही तऱ्हा. मिसिसिपीत तुमच्या कलमाची पुडी बांधली असती.

रानवारा

तात्या, उदाहरण तुमचं, पण ते माझ्याच बाजूने बोलतंय. काँग्रेसने ते अर्ज मान्य केले नाहीत. १८२४ मध्ये इलिनॉयात गुलामगिरीला दार उघडण्यासाठी नवी घटना परिषद बोलवावी का, यावर मतदान झालं: बाजूने ४,९७२, विरोधात ६,६४०. कायदा भोकाभोकांचा असला तरी मोठा मळेवाला शंभर माणसं घेऊन तिथे यायला धजला नाही. भोकातून उंदीर येतो, हत्ती येत नाही.

सातबारा

दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेला नाही. जमीन कुणाच्या नावावर होती?

व्हर्जिनियाने १ मार्च १७८४ ला ओहायोच्या उत्तरेचा हक्क सोडला. केंटकी स्वतःकडे ठेवलं, ते १७९२ मध्ये वेगळं राज्य होईपर्यंत. म्हणजे केंटकीला तुमचं कलम लागूच होत नाही. टेनेसीचा मुलूख नॉर्थ कॅरोलायनाने १७८९ मध्ये दिला तो अट घालून: गुलाममुक्तीकडे नेणारा कुठलाही नियम काँग्रेसने इथे करायचा नाही. जॉर्जियाने १८०२ मध्ये अलाबामा-मिसिसिपीचा हक्क सोडताना तेच केलं: १७८७ चा कायदा लागू करा, बंदीचं कलम वगळून. बीटी खडखडीत बरे असते तर एवढाच फरक पडला असता की या दोन राज्यांनी जमीन दिलीच नसती. दुसऱ्याच्या शेतात काय पेरायचं नाही, याचा ठराव आपल्या ओसरीवर करून काय उपयोग?

शिवाय ‘१८०० नंतर’ म्हणजे सोळा वर्षं मोकळं रान. केंटकीतच बघा: १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे बारा हजार, १८०० मध्ये चाळीस हजार. एवढी ‘मालमत्ता’ एका रात्रीत कोण मोकळी करणार होतं? आधी येऊ द्यायचं आणि मग काढायचं, हे त्या काळच्या गुलामगिरीविरोधकांनाही पटलं नव्हतं.

हडसनकाठची सुनंदा

वीस वर्षं न्यू जर्सीत राहते, त्यामुळे खापर आमच्या डोक्यावर फुटलेलं बघून बोलणं भाग आहे.

बीटी आले असते तर मत बाजूनेच पडलं असतं, हे गृहीत का धरायचं? हजर असलेल्या एकट्या प्रतिनिधीने बाजूने मत दिलं, हे खरं. पण उत्तरेकडच्या राज्यांत गुलाममुक्तीचा कायदा सगळ्यात शेवटी करणारं राज्य आमचंच, १८०४ मध्ये, आणि तोही हप्त्याहप्त्याने मुक्ती देणारा. १८६० च्या जनगणनेतही इथे अठरा माणसं बंधनात नोंदलेली आहेत. एवढा भरवसा मी तरी ठेवणार नाही.

मला न्यू जर्सीवरूनच कल्पना करायची तर मी वेगळी करीन. इथे ठरावीक मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायका मतदान करत होत्या. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला. तो राहिला असता तर? पण तो वेगळा धागा होईल.

कापूसकोंड्या

कापसाशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळाला नसता तर त्यांनी डोळे कुठे वळवले असते? १८६१ मध्ये तिकडे युद्ध पेटलं तेव्हा मुंबईत कापसाचा सोन्यासारखा भाव झाला, शेअरचा तमाशा झाला आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. हीच मागणी साठ वर्षं आधी आली असती तर? ज्या १८०३ मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतलं, त्याच वर्षी अडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं आणि निजामाला मिळालं. कंपनीने वऱ्हाड निजामाच्या पदरात टाकलं असतं का? की स्वतःच गिळलं असतं? रानवारांच्या स्वप्नातला मुक्त मिसिसिपी आमच्या खामगाव-कारंज्याच्या शेतकऱ्याच्या मानेवर बसला असता.

तिरकस तात्या

कापूसकोंड्या, पहिल्यांदा कामाचं बोललात. आणि त्या ‘मुक्त’ पश्चिमेत आधीच राहणारे चेरोकी, क्रीक, चोक्टॉ यांचं काय? ओहायोच्या उत्तरेला गुलामगिरी नव्हती, तरी १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई झालीच, आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने जमीन गेलीच. नांगर गोऱ्या कुणब्याचा असो की मळेवाल्याचा, हाकलले जाणारे तेच.

अजून एक. युद्ध नाही म्हणजे लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा नाही. मग १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका कुणाला लिहिली असती?

रानवारा

तात्या, मूळ रहिवाशांचा मुद्दा मान्य. माझ्या कल्पनेत त्यांना जागाच नव्हती, ही चूक.

सातबारांचं केंटकी आणि टेनेसीही मान्य. पण मिसिसिपी नदीकाठचं नॅचेझ नाही. तो पट्टा १७९५ च्या तहात स्पेनने सोडला आणि १७९८ मध्ये काँग्रेसने तिथे मिसिसिपी टेरिटरी स्थापन केली. मॅसॅच्युसेट्सच्या थॅचरने तिथेही बंदी लावा अशी सूचना आणली आणि ती आपटली. १७८४ चं कलम पुस्तकात असतं तर बंदी आणायला नव्हे, उठवायला बहुमत लागलं असतं. दोन्हींत फार फरक आहे.

सातबारा

त्या पट्ट्यावरही जॉर्जियाचा दावा होता, आणि काँग्रेसने त्याला हात न लावताच टेरिटरी केली. शिवाय नॅचेझच्या मळेवाल्यांना नदी ओलांडली की स्पेनचा मुलूख. बंदी लागली असती तर अर्धे पलीकडे गेले असते, आणि १८०३ मध्ये लुइझियानाबरोबर गुलामांसकट परत आले असते.

पण तुम्ही आता १७९८ वर आलात, म्हणजे बीटी सुटले. धाग्याचं शीर्षक बदला.