अँडोराला जाऊन आलात? व्हिसाचे आणि नाक्यावरचे अनुभव इथे सांगा

स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या पिरेनीज डोंगरात 468 चौरस किलोमीटरचा अँडोरा हा देश आहे. बार्सिलोनाला जाणारे बरेच मराठी लोक हल्ली "मध्ये अँडोरा पण उरकू" म्हणतात आणि मग विचारतात, त्याचा वेगळा व्हिसा लागतो का?

थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी अँडोरा स्वतःचा व्हिसा मागत नाही. मागणार तरी कुठे? भारतात त्यांचा दूतावासच नाही. पण त्या देशात विमानतळ नाही, रेल्वे नाही. आत जायचं ते स्पेनमधून किंवा फ्रान्समधून, आणि बाहेर पडायचं तेही तिथूनच. हे दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, अँडोरा नाही. नाका ओलांडला की तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात आणि परत येताना ती नवी एंट्री धरली जाते. व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तो जातानाच संपला. म्हणून डबल नाहीतर मल्टिपल एंट्री हवी.

नियम एवढाच आहे. त्याभोवती काय काय घडतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं. एजंटची आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरची नावं नकोत, किस्से चालतील.

पुण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी

आम्ही दोघांनी मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीसाठी अर्ज केला. एजंटचा पहिला सल्ला होता, "काका, अँडोराचं हॉटेल दाखवूच नका, उगाच गोंधळ होतो. सगळ्या रात्री बार्सिलोनाच्या दाखवू." मी नाही म्हटलं. जिथे खरंच राहणार ते लपवायचं कशासाठी? शिवाय अँडोरा दाखवलाच नाही, तर जास्तीची एंट्री कोणत्या तोंडाने मागायची?

अर्जात किती एंट्री हव्यात असा रकाना असतो. त्यात आम्ही मल्टिपलवर खूण केली आणि कव्हरिंग लेटरमध्ये कारण सरळ लिहिलं: बार्सिलोनाहून बसने अँडोरा, तिथे मुक्काम, त्याच रस्त्याने परत, मग माद्रिदहून मुंबई. सोबत बसचं जाण्यायेण्याचं बुकिंग आणि तिथल्या हॉटेलचं कन्फर्मेशन लावलं. बाकी नेहमीचंच: बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, पेन्शनचा कागद, 30,000 युरोचं कव्हर असलेला विमा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

स्टिकरवर काय वाचायचं ते सांगतो, कारण लोक फक्त तारखा बघतात. तारखांशिवाय दोन गोष्टी असतात: एंट्री किती (01, 02 किंवा मल्ट) आणि दिवस किती. व्हिसा महिनाभराचा दिसला तरी दिवस पंधराच लिहिलेले असू शकतात. आम्हाला मल्ट मिळाली. ते पत्रामुळे झालं की आधीच्या युरोप प्रवासामुळे, ते वकिलातीलाच ठाऊक.

ठाण्याहून

काकांच्या अनुभवात थोडी भर घालते. आमच्या स्टिकरवर 02 आलं होतं. पहिली एंट्री बार्सिलोना विमानतळावर गेली, दुसरी अँडोराहून परतताना जाणार, म्हणजे हिशोब काठोकाठ. मुलीला स्पेनच्या दक्षिण टोकावरून बोटीने टँजिअरला जायचं होतं. मोरोक्कोहून परतताना तिसरी एंट्री लागली असती, म्हणून तो बेत रद्द केला. 02 मिळालं म्हणून खूश होण्याआधी सगळा प्रवास बोटावर मोजा.

माझा नवरा मर्चंट नेव्हीत आहे आणि तेव्हा बोटीवर होता. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. तो सुट्टीवर असतानाच आम्ही ते नोटरी करून ठेवलं होतं. जहाजावरच्या माणसाची सही ऐन वेळी आणायची म्हणजे काय असतं, हे खलाशांच्या घरी विचारा. फी 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. सेंटरचे पैसे वेगळे. ते एसएमएस, कुरिअर, लाउंज असं काय काय गळ्यात मारू बघतात. नको म्हणता येतं.

कोल्हापूरहून

आमचा अनुभव न गेल्याचा आहे, चालेल ना? आम्हा मित्रांना व्हिसा मिळाला सिंगल. बार्सिलोनात भेटलेला प्रत्येक जण सांगत होता, "जावा की बिनधास्त, कोण बघत नाही तिथं." खरंही असेल ते. पण ज्या दिवशी बघतील त्या दिवशी आपण डोंगरात, हातात संपलेला व्हिसा आणि परतीचं विमान स्पेनमधून! भारतात जायला दुसरी वाटच नाही. आमच्यातल्या एकाचं पोरगं पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जाणार होतं. तो म्हणाला, माझ्या नावावर असलं काही नको.

मग आम्ही काय केलं, तर ला सेउ दुर्जेल या गावात उतरलो. हे स्पेनमध्येच आहे, नाक्याच्या दहा किलोमीटर अलीकडे. आता गंमत बघा. अँडोराला दोन सहराजे आहेत: एक फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा उर्जेलचा बिशप. 1278 च्या कराराची ही व्यवस्था 1993 च्या राज्यघटनेनंही ठेवली. तो बिशप याच गावचा. त्याचं बाराव्या शतकातलं दगडी कॅथेड्रल बघितलं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खळाळत्या पाण्यातल्या होड्यांच्या (कनू स्लॅलम) शर्यती जिथं झाल्या ते पाण्याचं मैदान बघितलं आणि नदीकाठी निवांत जेवलो. राजाचं गाव झालं, राज्य राहिलं. सिंगल एंट्रीवाल्यांनी हा पर्याय जरूर बघावा, पिरेनीज इथूनही तेवढाच दिसतो.

तुलूजहून, विद्यार्थी

फ्रान्सच्या बाजूने लिहितो, कारण सगळे बार्सिलोनाच धरून बसलेत. तुलूजहून अँडोरा बसने साधारण तीन तास. इथे विमान-अभियांत्रिकी शिकणारी आपली बरीच पोरं आहेत आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच बर्फात लोळायचं असतं.

आमच्याकडे फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा असतो. तो इथे आल्यावर तीन महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, मग तोच राहण्याचा परवाना म्हणून चालतो. असा परवाना चालू असेल तर एंट्री मोजायची भानगड नाही, फ्रान्समध्ये परत येता येतं. पण पासपोर्ट आणि व्हॅलिडेशनचा कागद जवळ हवा. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून तिथे कोणी पाघळत नाही.

जाताना बस थांबलीच नाही. परत येताना पास दे ला कासा गावानंतर फ्रेंच कस्टमवाल्यांनी बाजूला घेतली. दोघं वर आले आणि मागच्या सीटपासून सगळ्यांचे पासपोर्ट बघत पुढे आले. माझ्या पासपोर्टची पानं उलटली, फ्रान्सचा व्हिसा सापडला, कागदावर नजर टाकली, "मेर्सी." तेवढ्यात त्यांचा तिसरा माणूस खाली सामानाच्या कप्प्यात शिरलेला. त्यांना आमच्यापेक्षा सिगारेटींमध्ये रस होता. अँडोरात विक्रीकर फक्त 4.5 टक्के, त्यामुळे दारू-तंबाखू स्वस्त आणि अर्धी बस त्यासाठीच आलेली असते. पुढच्या सीटवरच्या एका आजोबांची पिशवी उघडली आणि एकामागून एक कार्टन निघत गेली. माणशी मर्यादा 300 सिगारेटींची. आजोबांना मात्र ती खोकी कुठून आली तेच आठवेना. आमचा बराच वेळ त्यांच्या स्मरणशक्तीपायी गेला.

आमच्यातली एक मुलगी आली नव्हती. तिचा परवाना संपलेला, नव्याचा अर्ज चालू आणि हातात नुसती पोच. त्या पोचपावत्यांचे प्रकार असतात. काहींवर शेंगेनबाहेर जाऊन परत येता येतं, काहींवर नाही. तिने प्रेफेक्चरला (परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीला) विचारलं, उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून ती घरी थांबली. बरोबर केलं तिने.

धागाकर्ता

व्यक्तिगत निरोपांत बऱ्याच जणांनी विचारलंय की शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं, त्या हिशोबात अँडोरातले दिवस धरायचे का. नियमाने धरायचे नाहीत, कारण तुम्ही तेव्हा शेंगेनमध्ये नसता. पण त्या नाक्यावर शिक्का सहसा मारत नाहीत. मग बाहेर होतात हे दाखवणार कशाने? हॉटेलचं बिल जपून ठेवा आणि मुळात 90 च्या काठावर जाऊच नका. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. "शिक्का नाही म्हणजे पुरावा नाही" यावर विसंबू नका.

म्हापशाहून, गोवा

आमच्या घरात दोन पासपोर्ट. मावसभावाने पोर्तुगीज काढलेला, माझा भारतीय. लिस्बनहून त्याच्याबरोबर निघालो. तो खिशात पोर्तुगालचं ओळखपत्र टाकून मोकळा आणि मी फायली घेऊन! अँडोराच्या बाबतीत त्याला काहीच लागत नाही आणि त्याच्याबरोबर असण्याचा मला काही उपयोगही नाही. "आम्ही एकाच कुटुंबातले" हे घरच्या जेवणात चालतं, नाक्यावर नाही. माझा व्हिसा पोर्तुगालने दिलेला मल्टिपल होता. जास्त मुक्काम तिथे होता म्हणून अर्ज तिथे केलेला, तरी स्पेनच्या नाक्यावर तो तितकाच चालतो.

गाडी भाड्याची होती. बुक करतानाच विचारा, अँडोरात न्यायची परवानगी आहे का. काही कंपन्या वेगळे पैसे घेतात, काही नाहीच म्हणतात. आमच्या करारात देशांची यादी होती, अँडोराचं नाव लिहून घेतलं. दारूची मर्यादा तुलूजवाल्याने सांगितली नाही, म्हणून सांगतो: कडक दारू माणशी दीड लिटर. गोंयकाराला हे माहीत असलेलं बरं.

नाशिकहून

मी तिकिटं गोळा करतो, म्हणून गेलो. अँडोराचं स्वतःचं टपालखातं नाही. स्पेनचं आणि फ्रान्सचं अशी दोन्ही टपालखाती तिथे काम करतात आणि दोघांची अँडोरासाठीची तिकिटं वेगळी. एकाच रस्त्यावर दोन देशांच्या टपालपेट्या! मी दोन्हींतून स्वतःलाच पत्रं पाठवली.

पासपोर्टवर शिक्क्याची हौस असेल तर सान मारिनोला जा. तिथे पर्यटन कार्यालयात 5 युरो भरून मिळतो. आणि हो, सान मारिनोसाठी इटलीची सिंगल एंट्री पुरते, मध्ये तपासणी नाहीच. लिश्टेनस्टाइन तर 2011 पासून शेंगेनमध्येच आहे. "छोटे देश सगळे सारखेच" असं एजंट सांगतात त्यावर जाऊ नका. अँडोराची गोष्ट वेगळी आहे.

लंडनहून

इथून अर्ज करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: शेंगेनमधून परतल्यानंतर किमान तीन महिने तुमचा ब्रिटनचा व्हिसा चालू राहायला हवा, नाहीतर अर्ज अडतो. बाकी वरच्यासारखंच.

मुंबईहून, अंधेरी

स्कीइंगला गेलो होतो, ग्रँडवलिराला. व्हिसाचं सगळ्यांनी लिहिलंय, मी विम्याचं लिहितो. व्हिसासाठी आपण जो स्वस्त विमा काढतो त्यात बहुतेक वेळा "शेंगेन देश" एवढंच लिहिलेलं असतं. अँडोरा त्यात येतो का? आमच्या पॉलिसीत येत नव्हता. शिवाय स्कीइंग हा साहसी खेळ म्हणून वगळलेला होता. जिथे पाय मोडायची शक्यता सगळ्यात जास्त, नेमका तिथेच विमा नाही. फोन करून जादा हप्ता भरला आणि दोन्ही गोष्टी लेखी घेतल्या. व्हिसा ऑफिसर हे तपासणार नाही, त्याला 30,000 चा आकडा दिसला की झालं.

फोनचंही तसंच. युरोपियन युनियनचं रोमिंग अँडोरात लागू नाही. तुमच्या सिमच्या यादीत अँडोरा नसेल, तर नाक्यापलीकडे डेटा बंद तरी होतो किंवा भरमसाट बिल तरी येतं. बसचं तिकीट, हॉटेल, विमा सगळं कागदावर छापून न्या.

नागपूरहून

फेब्रुवारीत आम्ही तुलूजहून गाडीने जायचं म्हणतोय, मल्ट आहे. एन्वालिराचा घाट मोठा आहे म्हणतात. जमेल का?

तुलूजहून, विद्यार्थी

दादा, 2,408 मीटरचा घाट आहे. फेब्रुवारीत बर्फ पडला की बंदही करतात. खालून टोलचा बोगदा आहे, त्याने जा, पण बोगद्यापर्यंतचा चढही बर्फातलाच. फ्रान्सच्या डोंगराळ भागात 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. तुलूज विमानतळावरच्या भाड्याच्या गाडीला त्या असतीलच असं नाही, मागून घ्या. बर्फात कधी चालवली नसेल तर सरळ बसने जा. सीट मात्र आताच बुक करा, शाळांच्या सुट्ट्या आल्या की मिळत नाही.